आग झॅपांच्या मैफलीत लागली होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रॉक संगीताच्या पडद्यामागील गोष्टींवरचा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचून एक दिवस गप्प राहिलो, परंतु आता राहवत नाही. ‘डीप पर्पलच्या मैफलीत आग लागली आणि त्यातून स्मोक ऑन द वॉटर जन्मले’ हे वाक्य आपण चौकट आखून, ठळक अक्षरांत छापले आहे. ४ डिसेंबर १९७१ रोजी स्वित्झर्लंडमधील माँत्रोच्या कॅसिनोत डीप पर्पल हा ब्रिटिश रॉक बँड वाजवतच नव्हता. मैफल अमेरिकी संगीतकार फ्रँक झॅपा आणि त्यांच्या मदर्स ऑफ इन्व्हेन्शन या बँडची होती. पर्पलची मंडळी श्रोत्यांत होती, कारण कॅसिनो हिवाळ्यासाठी बंद झाला की तिथेच, रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ भाड्याने घेऊन, त्यांना नव्या अल्बमचे ध्वनिमुद्रण करायचे होते. श्रोत्यांतल्या कुणीतरी छताकडे फ्लेअर गन (इशाऱ्याचा जळता गोळा उडवणारे पिस्तूल) झाडली आणि कॅसिनो जळून गेला. हे शोधायला माँत्रोला जावे लागत नाही. ‘स्मोक ऑन द वॉटर’ या गाण्याच्या पहिल्याच कडव्यात झॅपांचे नाव आहे. आपल्या विद्वान लेखकाने लिहिण्यापूर्वी ते एकदा ऐकले असते तरी पुरे होते.

माझ्या संतापाचे खरे कारण मात्र घरगुती आहे. धाकट्या मेहुण्याशी माझा याच मुद्द्यावर तीस वर्षे वाद आहे. रविवारी त्याने आपल्या पुरवणीची घडी माझ्या चहाच्या कपाला टेकवून ठेवली आणि म्हणाला, “दाजी, पेपरात छापून आलंय. आता बाप दाखवा, नाहीतर श्राद्ध करा.” मी त्याच अल्बमची, म्हणजे ‘मशीन हेड’ची, जुनी कॅसेट लावली, तर प्लेअरने नेमकी पहिल्या कडव्याशी फीत खाल्ली. पेन्सिल घालून ती गुंडाळीपर्यंत साहेब शिऱ्याची दुसरी वाटी संपवून निघूनही गेले.

वाईट वाटते ते झॅपांचे. त्यांची वाद्ये त्या आगीत गेली आणि सहाच दिवसांनी, १० डिसेंबरला, लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये एका प्रेक्षकाने त्यांना रंगमंचावरून खाली ढकलले. अनेक महिने ते चाकाच्या खुर्चीत होते. ज्याचे एवढे नुकसान झाले, त्याचे नाव आपल्या अख्ख्या लेखात एकदाही येऊ नये?

आणि खरी पडद्यामागची गोष्ट तर आपण सोडूनच दिली आहे. आगीनंतर पर्पलने पॅव्हिलियन नावाच्या सभागृहात रात्री ध्वनिमुद्रण सुरू केले. आवाजाने शेजाऱ्यांची झोप उडाली, पोलीस दाराशी आले आणि टेक, म्हणजे गाण्याचे सलग ध्वनिमुद्रण, पुरा होईपर्यंत साहाय्यकांनी आतून दारे लावून धरली. त्या टेकमध्ये आज गिटारच्या प्रत्येक दुकानात ऐकू येणारी ‘स्मोक ऑन द वॉटर’ची ती सुरावट होती. पुढचे काम ओस पडलेल्या, गारठलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळात, भिंतींना गाद्या टेकवून झाले.

जाता जाता, ‘गिटारवादक रिची ब्लॅकमोर’ अशी ओळ असलेल्या छायाचित्रातील गृहस्थ हॅमंड ऑर्गनपुढे बसले आहेत. ते पर्पलचे ऑर्गनवादक जॉन लॉर्ड.

दुरुस्ती तेवढ्याच आकाराच्या चौकटीत आणि कृपया शनिवारपर्यंत छापावी. रविवारी मेहुणा पुन्हा जेवायला येणार आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, पुणे