ब्लॅक सॅबथ म्हणजे फक्त ऑझी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑझी ऑस्बोर्न गेल्यानंतर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख आवडला. बर्मिंगहॅमच्या रॉक गायकाला मराठी वर्तमानपत्रात एवढी जागा मिळाली याचंच अप्रूप वाटलं. मात्र १९७९ साली ऑझीला काढल्यावर त्याचा ब्लॅक सॅबथ हा रॉक बँड केवळ नावापुरता उरला, हे लेखातलं विधान पटलं नाही.

हिशेब सरळ आहे. बँडचे स्टुडिओ अल्बम १९. त्यातल्या ९ अल्बमवर ऑझी गायला आहे. उरलेल्या दहांपैकी पाच टोनी मार्टिनचे, तीन रॉनी जेम्स डिओचे, आणि इयान गिलन व ग्लेन ह्यूज यांचा एकेक. लेखात डिओला एक ओळ मिळाली, मार्टिनचं तर नावही नाही. एकोणीसच्या एकोणीस अल्बमवर असलेला माणूस एकच, गिटारवादक टोनी आयोमी. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणं केली, पातळ तारा लावल्या, पुढे त्या सैलही केल्या. सॅबथचा तो जड, दबका आवाज घडला तो या हातातून. गायक कोण, हा प्रश्न त्यानंतरचा.

तरी गायक बदलला की बँडचं काय होतं, हे ऐकायचं तर सॅबथसारखं उदाहरण नाही. ऑझी बहुधा गिटारच्या मागोमाग जायचा. आयोमीची रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा वाजणारी छोटी धून) जी वाट धरेल तीच सुरावट त्याची, आणि त्यावर बहुतेक वेळा बेसवादक गीझर बटलरचे शब्द. त्या रडव्या, सरळसोट आवाजाची भीती वाटते ती त्यामुळेच. डिओ अमेरिकेचा, 'रेनबो' या बँडमधून आलेला. तो रिफला चिकटून राहीना. गिटार खाली चालू असताना तो वर स्वतःची चाल बांधायचा आणि शब्दही स्वतः लिहायचा. आयोमीला मग स्वरावली मोकळ्या सोडाव्या लागल्या, गाण्यांत चढउतार आले. १९८० चा 'हेवन अँड हेल' ऐका. आधीच्या दोन अल्बममध्ये थकलेला बँड इथे ताठ उभा राहिलेला दिसतो. असा बँड नावापुरता कसा म्हणायचा?

गिलनचं प्रकरण मात्र फसलं, आणि फसलं तेही गमतीदार. 'डीप पर्पल'चा हा गायक १९८३ मध्ये आला. जुन्या गाण्यांचे शब्द पाठ होईनात, म्हणून तो कागद पायाशी ठेवायचा. रंगमंचावरच्या धुरात ते कागद दिसेनासे व्हायचे. स्टोनहेंजचा (इंग्लंडमधल्या प्राचीन शिळावर्तुळाचा) देखावा फुटांऐवजी मीटरमध्ये बनला आणि सभागृहांत मावेना, अशी कथा आजही सांगितली जाते. पुढच्याच वर्षी गिलन पर्पलमध्ये परत गेला. १९८६ चा ह्यूजचा अल्बम तर आयोमीचा स्वतंत्र अल्बम म्हणून केलेला. कंपनीने आग्रहाने त्यावर सॅबथचं नाव चढवलं. दौऱ्याच्या तोंडावर मारामारीत ठोसा बसून ह्यूजचा आवाज गेला आणि रे गिलन या तरुण गायकाला आणावं लागलं. (आधीच्या गिलनशी याचा काही संबंध नाही.)

आता मार्टिन. त्याच्यासाठीच हे पत्र.

रे गिलनने पुढचा अल्बम गाऊन ठेवला आणि तो बँड सोडून गेला. मग बर्मिंगहॅमच्याच टोनी मार्टिनला बोलावून दुसऱ्याच्या गळ्याला बेतलेल्या त्या चाली पुन्हा गाऊन घेतल्या. १९८७ चा हा 'द इटर्नल आयडल'. मार्टिन म्हणजे डिओची नक्कल, हा शिक्का बसला तो इथेच. या अल्बमपुरतं त्यात थोडं तथ्य आहे. पण १९८९ च्या 'हेडलेस क्रॉस'मध्ये चाली त्याच्या, शब्द त्याचे, मागे ड्रमवर कोझी पॉवेल, आणि शीर्षकगीतात इंग्लंडमधल्या एका गावावर आलेली महामारी. ते गाणं ऐकून कोणाला डिओ आठवत असेल तर त्याने डिओ नीट ऐकलेला नाही, असं माझं मत आहे. पुढच्या वर्षी 'टीर' आला, त्यात नॉर्स देवदेवतांच्या कथा.

आणि मग त्याला बाजूला केलं, कारण डिओ परत येणार होता. नोव्हेंबर १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात ऑझीच्या निरोपाच्या मैफलींत सॅबथने आधी वाजवायचं ठरलं. ऑझीच्या आधी आपण गाणार नाही म्हणून डिओ निघून गेला आणि ते दोन दिवस 'जुडास प्रीस्ट'चा रॉब हॅलफर्ड उभा राहिला. डिओचा मान मी समजू शकतो. पण त्यानंतर बोलावणं गेलं ते पुन्हा मार्टिनलाच. त्याने आणखी दोन अल्बम केले, १९९४ चा चांगला आणि १९९५ चा फसलेला. १९९७ मध्ये मूळ चौघे (ऑझी, आयोमी, बटलर आणि ड्रमर बिल वॉर्ड) एकत्र आले आणि मार्टिन पुन्हा घरी. नाटकात ऐनवेळी भूमिका निभावून नेणाऱ्या नटाचं नाव जाहिरातीत न यावं, तसं झालं त्याचं. २००६ मध्ये रॉक कलावंतांचा गौरव करणाऱ्या अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने मूळ चौघांचीच नोंद घेतली, त्यात डिओही नाही. मार्टिनच्या काळातले बहुतेक अल्बम तर वर्षानुवर्षं बाजारातच नव्हते. त्यातले चार २०२४ मध्ये एका संचात पुन्हा आले. १९९५ च्या अल्बमचं ध्वनिमिश्रण आयोमीने त्यासाठी नव्याने केलं.

ऑझीचं मोल यात कमी होत नाही. पहिले सहा अल्बम नसते तर पुढचं काहीच नसतं, हे मार्टिनचे चाहतेही मान्य करतात. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क या फुटबॉल मैदानावर सिंहासनावर बसून ऑझी गायला, शेजारी मूळ तिघे, आणि सॅबथची म्हणून वाजली ती चारही गाणी १९७० च्या दोन अल्बममधली. त्या संध्याकाळी तेच योग्य होतं. अवघ्या सतरा दिवसांनी तो गेला. मृत्युलेखात त्याच्यावर भर असणारच. बँडचा इतिहास सांगताना मधली अठरा वर्षं पुसू नयेत, एवढंच म्हणणं.

पुरवणीत जागा झाली तर मार्टिनवर अर्धा स्तंभ जरूर द्यावा. आणि लेखकाने त्याला ऐकायचं ठरवलंच तर १९८९ पासून सुरुवात करावी. १९९५ चा अगदी शेवटी ठेवला तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे