मंत्रिमहोदय, जाळीच्या सळ्या तेवढ्या आडव्या करा : सोलापूरच्या सायकलवाल्यांचं खुलं पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

सोलापूर ते कन्याकुमारी सायकल मोहिमेला आपण झेंडा दाखवलात, फेटा बांधून घेतलात, दोन मिनिटं सायकलवर बसून फोटोही दिलात, त्याबद्दल आभार. त्या दिवशी भाषणात आपण दोन गोष्टींचा शब्द दिला होता. महामार्गालगतच्या गटारांच्या जाळ्या पावसाळ्याआधी बदलतो, आणि रंबलर पट्ट्यांच्या (चाकं खडखडवणाऱ्या आडव्या जाड पट्ट्या) डाव्या कडेला सायकलपुरती जागा सोडायला लावतो. पावसाळा गेला, दिवाळीही गेली. गेल्या रविवारी सरावफेरीत आमच्यातल्या एकाचं पुढचं चाक जाळीत गेलं. कॉलरबोन मोडलं, पुढचं चाक धरणारा फोर्क वाकला. ही तीच जाळी, जिच्यापासून आपलं स्टेज शंभर पावलांवर होतं.

जाळीत चूक काय, ते आधी नीट सांगतो, कारण पाहणीला येणाऱ्यांना ती दिसत नाही. जाळीच्या लोखंडी पट्ट्या रस्त्याच्या दिशेनं बसवल्यात आणि दोन पट्ट्यांमधली फट दीड इंचाची, म्हणजे ३८ मिलिमीटर. लांब पल्ल्याच्या सायकलला टायर असतो २८, ३२, फार तर ३५ मिलिमीटरचा. जीपचा टायर वरून निघून जातो, मोटारसायकलचाही जातो. सायकलचं चाक मात्र सुरी भाकरीत जावी तसं आत उतरतं. सायकल जागच्या जागी थांबते, माणूस थांबत नाही. पाणी साचलं असेल तर जाळी दिसतसुद्धा नाही.

उपायाला टेंडर लागत नाही. जाळी चौकोनी असेल तर उचलून नव्वद अंशांत फिरवा. लांबट असेल तर वरून १० मिलिमीटरच्या सळ्या आडव्या टाकून वेल्डिंग करा, दर चार इंचांवर एक. पाणी जवळपास तेवढंच जाईल. एका जाळीला वेल्डिंगवाल्याचा पाऊण तास जातो, त्यातही निम्मा वेळ वायर कुठून ओढायची यावर चर्चा.

“बघून चालवा” असं आपल्या एका अधिकाऱ्यानं आम्हाला सुचवलं. बघूनच चालवतो, साहेब. वीस जणांची तुकडी एका ओळीत जाते, दोन सायकलींमध्ये सव्वा ते दीड सायकलचं अंतर. पुढचा हात खाली करून खड्डा दाखवतो, “होल” म्हणून ओरडतो, मागचा तेच पुढे पोचवतो, असं शेवटच्यापर्यंत. ताशी वीसच्या वेगाला सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते, म्हणजे दोघांतल्या अडीच मीटरला अर्धा सेकंदही लागत नाही. त्यात शेजारून दहाचाकी गेली की ओरडणं पाचव्या माणसापर्यंतही पोचत नाही. सहाव्याला समोर दिसते ती पाचव्याची पाठ.

आता रंबलर. ट्रकवाल्याला जाग यावी म्हणून या जाड पांढऱ्या पट्ट्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या शोल्डरवरून, म्हणजे लेनबाहेरच्या डांबरी कडेवरून, थेट मातीपर्यंत ओढायचं कारण काय? शोल्डरवर झोपलेल्या ट्रकवाल्याचा ट्रक आधीच उभा असतो! आमच्या सायकलला स्प्रिंग नसते. बारा-पंधरा किलो सामान मागच्या चाकावर, त्या चाकाचे चेनच्या बाजूचे स्पोक आधीच जास्त ताणलेले, त्यामुळे तुटतो तो हमखास त्याच बाजूचा. तो बदलायचा तर टायर, ट्यूब आणि कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी गिअरचक्रं) काढावी लागते, आणि कॅसेटचं टूल वीस जणांत एकाकडेच असतं, तो बहुधा तीन किलोमीटर पुढे गेलेला. सहज न सुटणारे नायलॉक नट लावले तरी कॅरिअरचे बोल्ट ढिले होतात. चौथ्या दिवसापासून करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. बॅगेत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या कडक भाकरीचा संध्याकाळी भुगा निघतो, तो शेंगा चटणीत कालवून खावा लागतो. (चांगला लागतो, पण तो मुद्दा नाही.)

हे टाळायला सायकलवाल्याकडे दोनच वाटा उरतात. डावीकडे मातीच्या साईडपट्टीवर उतरायचं, जिथे डांबराची कड दोन-तीन इंच उभी असते आणि परत वर चढताना पुढचं चाक तिला घासून सायकल आडवी होते. किंवा उजवीकडे, मागे न बघता, ट्रकच्या लेनमध्ये. डाव्या कडेला एक मीटरची मोकळी पट्टी सोडली की दोन्ही टळतं.

हा शोल्डर तरी कुणाचा आहे? आराखड्यात कुठे दीड मीटर, कुठे अडीच मीटर असतो. प्रत्यक्षात त्यावर उलट दिशेनं येणाऱ्या मोटारसायकली, टपऱ्या, वाळत घातलेली तूर, आणि फुटलेल्या ट्रक टायरच्या चिंध्या. त्या चिंध्यांतल्या केसाएवढ्या पोलादी तारा टायरमध्ये घुसतात. बाभळीचा काटा दिसतो, सराटा दिसतो, ही तार दिसत नाही. ट्यूब बदलली तरी दोन किलोमीटरवर पुन्हा पंक्चर, कारण तार टायरमध्येच राहिलेली. टायरच्या आतून कापूस फिरवायचा, अडकेल तिथे चिमट्यानं ओढायची. शंभर किलोमीटरमध्ये वीस जणांत सहा पंक्चर धरली आणि प्रत्येकी वीस मिनिटं, तर दोन तास गेले. सोलापुरात त्या दोन तासांत सूर्य डोक्यावर येतो, म्हणून निघावं लागतं पहाटे पाचला, अंधारात, आणि अंधारात पुढे असते उसाची ट्रॉली. रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, मागे लोंबणारे वाढे. सायकल रिफ्लेक्टरशिवाय विकता येत नाही म्हणे. ट्रॉलीला कोण विचारणार, कारखाना कुणाचा हे आधी विचारावं लागेल.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३८ मध्ये पोटकलम १-अ आलं. पायी चालणारे आणि बिनयंत्राची वाहनं यांच्यासाठी राज्यांना नियम करता येतात, राष्ट्रीय महामार्गांबाबत महामार्ग प्राधिकरणाशी बोलून. नियम आम्हाला तरी रस्त्यावर भेटलेले नाहीत. त्याच दुरुस्तीत कलम १९८-अ आहे. रस्त्याच्या सदोष रचनेनं वा देखभालीनं माणूस मेला किंवा अपंग झाला तर जबाबदार यंत्रणेला दंड एक लाखापर्यंत. एक लाख! आमच्यातल्या काहींच्या सायकली त्याहून महाग आहेत. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत सायकलवाले तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे रोजचे तेरा-चौदा. हिशेबात थोडं इकडेतिकडे असेल तर आपल्या खात्यानं दुरुस्त करावं, तेवढं तरी उत्तर येईल.

मुंबई-पुणे द्रुतगतीवर आम्हाला बंदी, समृद्धीवर तर मोटारसायकललाही बंदी. ठीक. तिथे आम्ही येतही नाही. पण मग राष्ट्रीय महामार्ग ५२ धरूनच विजापूरला जावं लागतं, पुढे ५० धरून होस्पेट, चित्रदुर्ग, मग ४८ धरून बेंगळुरू, तिथून ४४ थेट कन्याकुमारीपर्यंत. साधारण तेराशे किलोमीटर. दुसरा रस्ता दाखवा, त्यानं जाऊ.

जागा नाही, हे मात्र सांगू नका. आळंदी-पंढरपूर पालखी मार्गावर वारकऱ्यांसाठी दोन्ही बाजूंनी वेगळी पायवाट आखली. उत्तम काम, माउलींचे आशीर्वाद मिळोत. याचा अर्थ आखता येते. कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरला हजारो माणसं चालत जातात, त्यांनाही तीच पट्टी लागते. आणि आम्हाला हौशी म्हणून झटकायचं असेल तर अक्कलकोट रोड एमआयडीसीत रात्रपाळी सुटते तेव्हा उभे राहा. यंत्रमागावरून उतरलेला कामगार बिनदिव्याच्या सायकलवर त्याच जाळ्यांवरून घरी जातो. त्याला कुणी झेंडा दाखवत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणला, तेव्हा जाहिराती झळकल्या. सायकल स्वस्त झाली, साहेब. कॉलरबोनमधली प्लेट नाही झाली.

मागची निवेदनं कुठे आहेत, तेही कळवा. एक बांधकामवाल्यांकडे गेलं, त्यांनी महामार्गवाल्यांकडे पाठवलं, त्यांनी ठेकेदाराकडे, ठेकेदार म्हणतो सर्व्हिस रोड पालिकेचा. जाळी एक, मालक चार, आणि बिल निघालं तेव्हा चौघांतला एक नक्की मालक होता.

पुढची तुकडी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे पाचला निघते. या वेळी फेटा आणलेला नाही. वेल्डर पाठवलात तर त्याचा चहा आमच्याकडे.

आपले,
सोलापूरचे सायकलवाले

ता. क. त्या जाळीवर आम्ही तूर्त प्लायवुडचा तुकडा तारेनं बांधून ठेवलाय. कृपया अतिक्रमण म्हणून तो उचलू नये.