विषय: मधल्या पॅकेजचे 29,499 परत करा आणि रिपोर्टवर सही कोणाची ते सांगा

आज दुपारी तुमच्या माणसाने माझं तिकीट तिसऱ्यांदा 'रिझॉल्व्ह्ड' करून टाकलं, तेही मी फोनवर होल्डवर असताना, म्हणून आता हे थेट मॅनेजमेंटला लिहितेय. पॅकेजमध्ये काय काय येतं ते तुम्हीच ठरवलंय त्यामुळे एकाच ओळीत: घ्यायच्या फ्लॅटची मालकी कायद्याने तपासून रिपोर्ट, आणि खरेदीखताचा ड्राफ्ट. मधलं पॅकेज. 24,999 अधिक 18 टक्के जीएसटी. पैसे घेताना तुमची सिस्टीम एकदाही हँग झाली नाही हे मात्र मान्य करते.

कर्वेनगरचा रीसेल टूबीएचके, 1998 ची सोसायटी, 78 लाखांत ठरलेला. तुमचा रिपोर्ट जून 2025 मध्ये आला आणि तो आल्यावरच मी 2 लाख विसार दिला, आधी नाही, हे नीट वाचा कारण फोनवर मला दोनदा ऐकवलं गेलं की 'घाई तुम्ही केलीत'. घाई केली असती तर तुमच्याकडे कशाला आले असते? रिपोर्ट 11 पानांचा. त्यातली तीन पानं तुमची स्वतःची जाहिरात. बाकीच्यात 30 वर्षांचा सर्च, इंडेक्स टूचे (नोंदणी झालेल्या व्यवहारांचे) उतारे, आणि शेवटी 'टायटल क्लिअर अँड मार्केटेबल', म्हणजे मालकी निर्वेध, डॅशबोर्डवर हिरवी टिक.

आता त्याच रिपोर्टच्या पान 6 वर तुम्हीच लिहिलंय की मूळ मालक 2020 मध्ये वारले, पत्नी त्यांच्या आधीच गेलेल्या, आणि शेअर सर्टिफिकेटवर मुलाचं नाव 'नॉमिनी म्हणून' चढलं. आणि पान 7 वर तोच मुलगा डायरेक्ट मालक! एका पानात. मधे काही नाही, वारस दाखला नाही, हक्कसोड नाही, निदान 'अजून कोणी अपत्य आहे का' एवढा प्रश्नसुद्धा नाही. त्यांना एक मुलगी आहे. टोरांटोला असते. सोसायटीच्या वॉचमनला माहिती आहे, समोरच्या काकूंना माहिती आहे, फक्त तुमच्या 30 वर्षांच्या सर्चला सापडली नाही, कारण ती इंडेक्स टूमध्ये नसते, ती विचारावी लागते.

पकडलं कोणी, तर बँकेच्या वकिलांनी. बँकेचा वकील बँकेचं बघतो, घेणाऱ्याचं नाही, म्हणून तर मी वेगळे पैसे मोजून स्वतःचं लीगल करायला तुमच्याकडे आले (ही ओळ तुमच्याच जाहिरातीत आहे, वाचून इम्प्रेस झाले होते). आणि शेवटी मला वाचवलं त्या बँकेच्या वकिलांनी, फुकटात.

आता आजचा फोन. हा तुमच्याकडे रेकॉर्ड असेलच, 'क्वालिटीसाठी' करता ना, तर ऐका प्लीज. 22 मिनिटं, त्यातली 9 होल्डवर. सुरुवातच अशी, 'मॅडम, सर आहेत का जवळ?' मी विचारलं कोण सर. 'नाही म्हणजे फ्लॅटचं बोलायचं होतं ना, सरांशी बोललं तर लवकर होईल.' मी म्हटलं फ्लॅट मी घेतेय, फॉर्म मी भरलाय, पैसे माझ्या खात्यातून गेलेत, बोला. तर म्हणे ओके ओके, आणि मग त्यांनी मला समजवायला घेतलं की नॉमिनी म्हणजे मालकच असतो मॅडम, सोसायटीने नाव लावलंय म्हणजे झालं. मी म्हटलं अहो नॉमिनी हा फक्त सांभाळणारा असतो, 2019 च्या दुरुस्तीपासून सहकार कायद्यातच त्याला प्रोव्हिजनल मेंबर म्हटलंय, वारस ठरेपर्यंतचा. हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं, माझं कामच नाहीये हे माहीत असणं, पण तुमचं आहे. मधे शांतता. कीबोर्डचा आवाज. आणि मग ते वाक्य: 'पण मॅडम, मुलीचं लग्न झालंय ना, फॉरेनला आहे, मग ती वारस कशी येईल?'

मी खरंच फोन कानापासून लांब धरून बघितला की लागलाय कुठे. मृत्युपत्र नाही, वडिलांनी स्वतःच्या कमाईने घेतलेला फ्लॅट, मुलगी 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून क्लास वन, म्हणजे पहिल्या हक्काची वारस आहे, मुलाच्या बरोबरीने, लग्न झालेली असो, टोरांटोला असो नाहीतर चंद्रावर असो. आणि हे कायदेशीर सल्ला विकणारी कंपनी 2025 मध्ये मला विचारतेय. मीही लग्न झालेली मुलगीच आहे हो. मी म्हटलं तुमच्या वकिलांना द्या फोन. 'वकील कस्टमरशी बोलत नाहीत मॅडम, प्रोसेस नाही.' बरं, नाव सांगा. 'ते शेअर करता येत नाही.' रिपोर्टवर सही आहे ती कोणाची? वाचताच येत नाही, खाली नुसतं 'पॅनल अ‍ॅडव्होकेट'. 'मॅडम, आम्ही फक्त प्लॅटफॉर्म आहोत, ओपिनियन वकिलांचं असतं, आणि वकिलांवर कंझ्युमर केस होत नाही, सुप्रीम कोर्टाने सांगितलंय.' हे मात्र पाठ होतं. नॉमिनी माहीत नाही, वारस माहीत नाही, आपण कसं सुटायचं ते तोंडपाठ. मग 'एक मिनिट होल्ड करा', आणि होल्डवर असतानाच एसएमएस: तुमची तक्रार सोडवली आहे, अनुभव 1 ते 5 मध्ये सांगा. शून्याचा ऑप्शन नाहीये त्यात.

तो 14 मे 2024 चा निकाल मीही वाचलाय आता. तो वकील आणि अशील यांच्याबद्दल आहे. मी वकील नेमलाच नाही ना, मला नेमू दिलाच नाही तुम्ही, मला नाव पण माहीत नाही. मी पॅकेज घेतलंय. इनव्हॉइसवर कंपनीचं नाव, कंपनीचा जीएसटी नंबर. पैसे घेताना कंपनी आणि चूक निघाली की प्लॅटफॉर्म, असं चालेल का ते जिल्हा ग्राहक आयोगाला ठरवू दे.

आणि ड्राफ्ट. ड्राफ्टबद्दल तिकीट वेगळं टाकलं होतं, तेही 'रिझॉल्व्ह्ड' आहे. पहिल्या खरेदीदाराच्या जागी माझ्या नवऱ्याचं नाव! तो लोनला को-अ‍ॅप्लिकंट आहे, फ्लॅट फक्त माझ्या नावावर होणार आहे, फॉर्ममध्ये टिक केलंय मी. पुण्यात 7 टक्के स्टँप ड्युटी, बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर 6, म्हणजे 78 लाखांवर सरळ 78,000 चा फरक, आणि एक पुरुष जरी खरेदीदारांत आला तरी ही सवलत जाते. सांगितल्यावर उत्तर काय, 'स्टँडर्ड फॉरमॅट आहे मॅडम'. त्याच स्टँडर्ड फॉरमॅटमध्ये महारेरा नंबरसाठी (बिल्डरच्या नव्या प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा) रिकामी जागा आहे. रेरा लागू झाला मे 2017 ला, बिल्डिंग 1998 ची. नंबर कुठून आणू, खणून काढू?

शेवटी शिवाजीनगर कोर्टाजवळ एक वयस्कर वकीलबाई बसतात, मैत्रिणीने नंबर दिला, तिथे गेले. कागद उघडायच्या आधी त्यांनी विचारलं, 'वारस किती?' एवढंच. तीन शब्द... दोनच खरं तर. फी 3,000. त्यांच्याच ऑफिसातून विकणाऱ्या मुलाच्या टोरांटोच्या बहिणीला फोन लावला, बाई अगदी सज्जन आहेत, हक्क सोडणार नाहीत पण विकायला तयार आहेत, म्हणजे आता विकणारे दोघं. कॅनडातून मुखत्यारपत्र अपोस्टिल करून (तिथल्या सरकारचा खरेपणाचा शिक्का घेऊन) येणार, इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टँप ड्युटी भरायची, मग पुढे. विसाराची 60 दिवसांची मुदत तोवर संपतेय, मुलाने वाढवून दिली म्हणून बरं, नाहीतर 2 लाख कोणाचे बुडाले असते?

थांबा, अजून आहे. टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या पैशातून घेणाऱ्याने कापून भरायचा कर. तुमच्या चॅटवर विचारलं तर उत्तर आलं की 50 लाख किंवा वर असेल तर 1 टक्का कापा, 26 क्यूबी फॉर्म भरा, सगळे कस्टमर हेच करतात. मी स्पष्ट लिहिलं होतं की एक विकणारी एनआरआय आहे. परत तेच उत्तर, शेवटी हसरा चेहरा. तिच्या 39 लाखांच्या हिश्श्यावर, तिने आयकर खात्याकडून कमी दराचं सर्टिफिकेट आणलं नाही तर, 12.5 टक्के आणि सेस धरून 13, म्हणजे 5 लाख 7 हजार कापायचे असतात, 2025 च्या नियमाने त्याला टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर) लागतो, फॉर्म 27 क्यू. तुमच्या हिशोबाने 39,000. कमी कापलं तर खातं धरणार कोणाला, घेणाऱ्याला, म्हणजे मला. हसरा चेहरा सेव्ह करून ठेवलाय मी.

वाईट याचं वाटतं की मी तुमची जाहिरात केली होती. नणंद चिंचवडला घर बघतेय, तिला म्हटलं होतं यांचं पॅकेज घे, कोर्टाच्या पायऱ्या नकोत, सगळं मोबाईलवर. तिने घेतलं पण. तिचा रिपोर्ट यायचाय. काल रात्री तिला फोन करून एवढंच सांगितलं की आधी वारस विचार.

मला हवंय ते असं. 29,499 पूर्ण परत, 'सर्व्हिस डिलिव्हर्ड' कापून 40 टक्के वगैरे नाही (ही ऑफर मंगळवारी आली होती, ती तुमच्याकडेच ठेवा). रिपोर्टवर सही करणाऱ्या वकिलाचं नाव आणि सनद (वकिलीच्या परवान्याचा) नंबर, बार कौन्सिलला मी लिहीन काय लिहायचं ते. आणि तो रिपोर्ट चुकीचा आहे असं लेखी पत्र. 15 दिवस देतेय. नंतर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन आणि ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पण नाही तिथे, बघितलंय मी. स्क्रीनशॉट सगळे आहेत, तिन्ही 'रिझॉल्व्ह्ड' सकट.

फोन करायचा असेल तर मला करा. सरांना नाही. नंबर फॉर्मच्या पहिल्याच रकान्यात आहे, जिथे 'खरेदीदार' असं लिहिलंय.