विषय: किचनच्या चिमणीचा पाईप शाफ्टमध्ये नको, बाहेरच्या भिंतीतून काढू द्या

चेअरमन साहेब,

नमस्कार काका. २०३ मधून लिहितेय. परवा जिन्यात बोलणं झालं तेव्हा तुम्ही गडबडीत होता, म्हणून म्हटलं लिहूनच द्यावं, म्हणजे मीटिंगमध्ये वाचता येईल आणि "ती भांडायला आली होती" असं कुणी म्हणायला नको.

सोलापुरात चिमणी म्हटलं की अजून लोकांना सिद्धेश्वर कारखान्याचीच आठवते, विमानांना अडते म्हणून २०२३ च्या जूनमध्ये पाडली ती. आमची तेवढी नाही ओ, ६ इंची पाईप आहे, तिच्यामुळं कुठलं विमान अडत नाही. पण कमिटी म्हणते पाईप बाथरूमच्या खिडक्यांमागच्या शाफ्टमध्ये सोडा, बाहेरून बिल्डिंगचा लूक जातो. ते कसं चुकीचं आहे हे बघायचं असेल तर एकदा माझ्या बाथरूममध्ये येऊन जावा.

खालच्या मजल्यावर एकांचा पाईप आधीपासून शाफ्टमध्येच आहे. नाव घेत नाही, माणसं चांगली आहेत आणि त्यांना तेव्हा तसंच सांगितलं होतं. रविवारी त्यांच्याकडे मासे तळले की वास आमच्या टॉवेलला. गेल्या आठवड्यात खिडकीच्या काचपट्ट्या पुसायला घेतल्या तर बोटाला मधासारखा पिवळा चिकट थर, साबणानं जाईना, शेवटी सोडा आणि उकळतं पाणी, आणि एक झुरळ त्या थरालाच चिकटून मेलेलं. हे एका घराच्या तेलाचं झालं, उद्या सगळ्यांनी चिमण्या लावल्या तर? वर गच्चीवर आपणच कबुतरांसाठी जाळी मारली आणि अर्ध्यावर पत्रा टाकला, मग धूर वर जाणार कुठून, तो वरच्या सगळ्यांच्या बाथरूममध्ये शिरणार की. शिवाय ड्रेनेजचे पाईप तिथंच, प्लंबर उतरला आणि तेलकट पाईपवरून पाय सटकला तर जबाबदारी कुणाची? आणि साठलेलं तेल पेटतं पण, हॉटेलांच्या धुराड्यांना आगी लागतात त्या त्यामुळंच.

आता आमच्या घरचं. वर्षाचं काळं तिखट मी घरीच करते, मे महिन्यात बाहेर ४२ डिग्री आणि आत मिरच्या भाजणं चालू, एक्झॉस्ट फॅन खिडकीच्या वर कोपऱ्यात, त्याच्यापर्यंत पोचायच्या आधी ठसका हॉल ओलांडून जिन्यात गेलेला असतो. वरच्या काकू मागच्या वर्षी नाकाला पदर लावून खाली आल्या होत्या, त्यांना विचारा. दुकानदार म्हणाला बिनपाईपची घ्या, कोळशाची जाळी येते. पण त्यात वास थोडा अडतो, उष्णता आणि वाफ घरातच फिरते आणि ती जाळी सारखी बदलत बसायची. मिरचीपुढं तिचा काही उपयोग नाही.

मला एवढंच पाहिजे: गॅसच्या मागची भिंत बाहेरचीच आहे, तिथून सरळ पाईप काढायचा, एकच बेंड येतो. पाईप जितका लांब आणि वळणाचा तितकं सक्शन कमी, शाफ्टपर्यंत न्यायचा तर तीन बेंड आणि माळ्यावरून १५ फूट, मग १२०० सक्शनची मशीन घेऊन नुसता आवाजच ऐकायचा. भोक बीमच्या खाली विटेच्या भागात, बीमला आणि कॉलमला हात लागणार नाही, आणि हातोडा-छिन्नी नाही, कोअर कटिंगच्या मशीननं गोल कापून मिळतं, प्लास्टर फुटत नाही. पाईपला बाहेरच्या बाजूला थोडा उतार देणार म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही, तोंडाला खाली वळलेली टोपी आणि आत उलटी हवा अडवणारी झडप. टोपीच्या खाली भिंतीवर डाग पडला तर रंग माझ्या खर्चानं, हे लिहून देते.

भिंत फोडायचीच नसेल तर खिडकीची वरची काच काढून तिथं अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बसवू आणि त्यातून पाईप नेऊ. एक बेंड वाढतो, पण चालेल. शाफ्ट मात्र नको.

आणि लूकचं म्हणाल तर काका, खरं सांगू का, बिल्डिंगच्या तोंडावर एसीचे किती आउटडोअर लटकलेत, दोघांचं पाणी तर थेट पार्किंगमधल्या गाड्यांवर टपकतं. त्याला कुणी परवानगी विचारली होती का माहीत नाही, तुमच्या घरचा त्यात आहे की नाही ते मी बघितलेलं नाही.

खालच्यांचा पाईप पण याच वेळी बाहेर काढून घेतला तर मशीनवाला एका फेरीत दोन भोकं करेल, मी त्यांच्याशी बोलले, ते तयार आहेत. फक्त दिवस नळाला पाणी यायचा धरायचा, कापताना लाल चिखल खालपर्यंत ओघळतो आणि साठवलेल्या पाण्यात भिंत धुवायला मला परवडणार नाही. पुढचं पाणी यायच्या आधी होय की नाही तेवढं कळवा.

आपली,
फ्लॅट नं. २०३