आशाताई, रात्रीच्या पाळीबद्दल आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

गावच्या आशा सेविका म्हणून तुम्ही आला होतात माझा सी-बॅक फॉर्म भरायला. तिशी ओलांडलेल्यांची बीपी-शुगरची चौकशी करायची, एवढंच त्या दिवशीचं काम. फॉर्म भरता भरता आतल्या खोलीत डोकावलात आणि विचारलंत, "आजींना कुशीवर कोण वळवतं? आणि रात्री?" अर्धांगवायूनं आईची उजवी बाजू गेल्यापासून भेटायला येणारे सफरचंदं आणि सल्ले घेऊन येत. हे कुणी विचारलं नव्हतं.

मग पदर खोचून तुम्ही दाखवायलाच लागलात. घरात सगळे आईला काखेत हात घालून उठवायचे. "लुळ्या हाताला ओढ बसली की खांदा निखळतो," म्हणालात आणि तिचीच जुनी नऊवारी मागून घेतलीत. चौपदरी घडी तिच्या पाठीपासून मांड्यांपर्यंत सरकवली, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तुम्ही. काठ मुठीत धरून एका दमात तिला उशीकडे घेतलं. आई कण्हलीसुद्धा नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी. माकडहाडाजवळची लाली बोटानं दाबून बघायची. दाबूनही फिकी पडली नाही तर जखमेची सुरुवात समजायची. पेज भरवताना पाठ उभी, हनुवटी जराशी खाली, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही.

अंघोळीचं मात्र अवघड होतं. मुलानं आईचं अंग पुसायचं कसं? तुम्ही समजूत घालत बसला नाहीत, याबद्दल वेगळे आभार. अंगावर चादर ठेवायची, पुसायचा तेवढाच भाग उघडा करायचा, कोरडा करून झाकायचा, मग पुढचा. पद्धत कळली आणि संकोच ओसरला. आईचा तर माझ्याआधी.

सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड तुम्ही मोबाइलवर काढून दिलंत. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, पण दवाखान्यात भरती झाल्यावर. घरच्या डायपरला त्यातली दमडी नाही, हेही तेव्हाच सांगितलंत. वयोश्री योजनेचे ३,००० रुपये आले, त्यात कमोडची खुर्ची आली. ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ हा नंबर तुमच्याच अक्षरात भिंतीवर आहे. सांभाळणाऱ्यासाठीचा फॉर्म मात्र मला अजून कुठल्या कार्यालयात दिसलेला नाही.

ते काम तुम्ही एका फोनवर केलंत. दादा पुण्याहून पैसे पाठवतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण तुम्ही माझ्याच मोबाइलवरून त्याला लावलात आणि म्हणालात, "पैसे पोचतात, दादा. रात्रीची पाळी कोण करतंय?" मला हे जन्मात बोलता आलं नसतं. आता दर पंधरा दिवसांनी तो आणि वहिनी शनिवारी येतात. त्या रात्री मी दुकानात अंथरूण टाकतो आणि सकाळपर्यंत सलग झोपतो. वहिनीलाही आता नऊवारीची घडी जमते.

तुमचा मोबदला कामाच्या यादीप्रमाणे मिळतो म्हणतात. भावाभावांत पाळ्या लावून देणं त्या यादीत असेल असं काही वाटत नाही.

आणखी एक. आईसाठी दादानं नवा एअर बेड आणलाय. जुन्याचा पंप घरघर करतो, पण मोटारींचाच धंदा आहे आपला. दुरुस्त करून तुमच्याकडे आणून देतो. वरच्या आळीतल्या आबांना लागेल, असं तुम्हीच मागे म्हणाला होतात.