अंगणवाडीत वजन मोजतात, शिकणे कोण बघते?

संपादक महाशय,

स. न. वि. वि.

जून जवळ आला की तालुक्याच्या गावात तीन वर्षांच्या मुलाला कुठे घालायचे, यावर घरोघर खल सुरू होतो. सरकारी पर्याय बहुतेक ठिकाणी एकच, अंगणवाडी. शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो. त्याआधीच्या वयासाठी कलम 11 शासनाला फक्त मुभा देते, बांधून घेत नाही.

अंगणवाडीची पारख भिंतीवरच्या चित्रांवरून करू नये. सत्र चालू असताना दहा मिनिटे दारात उभे राहावे. मुले चार-पाचच्या गटाने ठोकळे, मणी, माती घेऊन बसली असतील आणि सेविका त्यांच्यात जमिनीवर बसून बोलत असेल, तर काम बरे चालले आहे. सगळी ओळीत बसून पाटीवर गिरवत असतील, तर नाही. त्या वयात बोटे लिहिण्याइतकी तयार नसतात. मणी ओवणे, कणीक मळणे, कागद फाडणे हीच लेखनाची तयारी. खासगी केजीतल्या गृहपाठालाही हेच लागू, फी कितीही असो. साधनांना पैसे लागत नाहीत. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला परिसरातल्या वस्तूंवरच बालवाडी चालवली.

बिघडते ते वेळेच्या हिशेबात. तीन ते सहा वर्षांची मुले एकाच खोलीत. शिवाय आहार, वजन-उंची, लसीकरण, गृहभेटी, सर्वेक्षणे, पोषण ट्रॅकर या मोबाइल अॅपवरच्या नोंदी. वजनाची नोंद राहिली तर जाब विचारतात, गोष्ट राहिली तर कोणी विचारत नाही. मग आधी गोष्टच सुटते. त्यात पालक चौथ्या वर्षी मूल काढून खासगीत घालतात, आणि धाकटी ज्यांचे बघून शिकतात ती मोठी मुलेच गटात उरत नाहीत.

2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन ते आठ वय हा एकच पायाभूत टप्पा मानते. त्यासाठी रोजचे दोन तास मोबाइल आणि रजिस्टर बंद ठेवावे. वजन महिन्याच्या ठरलेल्या दिवशीच घ्यावे. अंगणवाड्यांची देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेने आधी अर्धा तास सत्र पाहावे, मग वही उघडावी. पहिलीत जाणाऱ्या मुलांचे मार्चमध्ये तोंडी बघावे: ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगता येते का, ढिगातून सात चिंचोके मोजून देता येतात का, दोन सूचना एकापाठोपाठ पाळता येतात का. ही नोंद पहिलीच्या शिक्षकांच्या हाती द्यावी, मुलागणिक एक पान पुरे.

– एक निवृत्त मुख्यसेविका