फॉर्म २९ घेणारी खिडकी कुठे आहे? परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय: जुनी गाडी खासगीत विकणाऱ्याने दिलेल्या सूचनेची नोंद त्याच दिवशी होण्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या खात्यात फॉर्म २९ नावाचा एक कागद आहे. अमुक नंबरची गाडी मी अमुक तारखेला अमक्याला विकली, एवढंच विकणाऱ्याने त्यावर आरटीओला कळवायचं असतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार गाडी राज्यातल्या राज्यात विकली असेल तर त्यासाठी मुदत १४ दिवसांची. घेणाऱ्याला ३० दिवस. दोन माणसं, दोन मुदती, दोन वेगळ्या जबाबदाऱ्या. विकणाऱ्याने आपलं काम उरकून मोकळं व्हावं आणि घेणाऱ्याने सवडीने गाडी नावावर करून घ्यावी, असाच याचा सरळ अर्थ कुणीही लावेल. पण नुसता फॉर्म २९ घेणारी खिडकी मला अजून सापडलेली नाही. तो फॉर्म ३० बरोबरच, म्हणजे गाडी नावावर करून घ्यायच्या अर्जाबरोबरच लागतो, आणि फॉर्म ३० पुढे सरकवणं घेणाऱ्याच्या मर्जीवर असतं.

मी ठाण्याचा. मुरबाडच्या पुढे आमचा जमिनीचा तुकडा आहे. डांबरी रस्ता संपल्यावर पावसाळ्यात तिथे साधी गाडी रुतते, म्हणून एक डिझेल फोर बाय फोर जीप ठेवली होती, एमएच-०४ पासिंगची. वडिलांचं शेतावर जाणं थांबलं, जीप सोसायटीत नुसती जागा अडवायला लागली, म्हणून विकायला काढली. घेणारा पनवेलकडचा तरुण. माणूस भला, पैसे सगळे बँकेतून दिले. ५०० रुपयांच्या स्टँपपेपरवर करार केला, कारण ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा चालत नाही. ताबा पावतीवर तारखेच्या शेजारी वेळही घातली, दुपारी सव्वाचार. ही वेळ एजंट आवर्जून लिहायला लावतात. सव्वाचारच्या आतलं तुमचं, नंतरचं त्याचं.

कायद्याच्या लेखी त्या सव्वाचारला फारसं वजन नाही. कलम २ (३०) प्रमाणे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी तो मालक. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्धपणे सांगितलं. त्या प्रकरणात गाडी मूळ मालकाच्या हातून गेल्यावर आणखी हात फिरली होती, अपघात कितीतरी नंतर झाला होता, तरी भरपाईची जबाबदारी आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, नाव असलेल्या पहिल्या माणसावरच आली. निकालामागचं कारण मला पटतं. अपघातात ज्याचं माणूस गेलं, त्याने गाडी कुणाकुणाच्या हातून फिरली याचा शोध घेत हिंडायचं का? पण मग विकणाऱ्याला आपलं नाव त्या नोंदीतून सोडवून घ्यायची वाट तरी हवी ना.

माझ्या बाबतीत अपघात झाला नाही, फक्त ई-चलान आलं. विक्रीनंतर काही दिवसांनी मोबाइलवर मेसेज: मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर वेगमर्यादा ओलांडली. तिथे २०२४ पासून कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा बसली आहे आणि ती नंबरप्लेट वाचून थेट नोंदणीकृत मालकाला गाठते. आमची जीप एवढा वेग धरू शकते हे मला त्या चलानमुळे कळलं. फास्टॅग मी आधीच बंद केला होता. नाहीतर टोलही माझ्याच खात्यातून गेला असता.

गंमत पुढे आहे. चलान थकलेलं असलं की हस्तांतरण अडतं. म्हणजे चलान त्याच्या वेगाचं, नाव माझं, आणि माझं नाव सुटावं म्हणून आधी मीच दंड भरायचा. घेणाऱ्याला फोन केला की उत्तर ठरलेलं: “करतो ना काका, एजंटकडे दिलंय.” खोटं बोलत असेल असं मला वाटत नाही. त्याला घाई नाही, इतकंच. गाडी त्याच्या दारात आहे, कागद माझ्या नावावर असले तरी त्याचं काही अडत नाही.

शेवटी फॉर्म २९, करार, ताबा पावती आणि बँकेची नोंद घेऊन मी स्वतः आरटीओत गेलो.

“घेणाऱ्याला घेऊन या.”

“तो येत नाही, म्हणूनच तर मी आलोय.”

“मग ऑनलाइन टाका.”

ऑनलाइन टाकायला गेलं तर तिथेही घेणाऱ्याचा आधार आणि त्याच्या मोबाइलवरचा ओटीपी. खिडकीतल्या बाईंचा यात दोष नाही. त्यांच्या संगणकावर ‘विकली’ एवढंच नोंदवायला जागाच नव्हती. माझी अवस्था पाहून त्यांनी अर्ज आवक विभागात द्यायला सांगितला. तिथे गोल शिक्का मिळाला. उद्या पोलिस ठाण्यातून फोन आला तर दाखवायला तो शिक्का बरा, पण ‘वाहन’ या केंद्राच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत माझं नाव होतं तिथेच आहे.

या कटकटीला कंटाळून लोक सर्रास काय करतात, हे आपल्यालाही ठाऊक असेल. घेणाऱ्याचं नाव आणि तारीख न घालता कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देतात. दलाल ते फॉर्म गाडीबरोबर पुढच्याला देतो, तो त्याच्या पुढच्याला. वर्षभराने गाडी कुणाकडे आहे हे मूळ मालकालाच माहीत नसतं. आणि ती नाकाबंदीत किंवा एखाद्या गुन्ह्यात सापडली की पोलिस येतात ते आरसीवरच्या पत्त्यावर.

यावर उपाय केंद्र सरकारनेच शोधलेला आहे, फक्त तो माझ्यासारख्यासाठी नाही. २२ डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी नवे नियम आले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. मालकाने गाडी अशा विक्रेत्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी ऑनलाइन जातो आणि तिथून पुढे तो विक्रेता मालक मानला जातो. गाडीचं पुढे जे काही होईल त्याची जबाबदारी त्याची. चोख व्यवस्था आहे. पण मी डीलरला गाडी दिली तर त्याच दिवशी सुटतो आणि पनवेलच्या मुलाला दिली तर त्याच्या मर्जीपर्यंत अडकतो, हा न्याय कुठला? डीलर भाव पाडून मागतो, म्हणून तर माणूस खासगीत विकतो. आमच्या जीपसारख्या गाडीची खरी किंमत तर ती चालवणाऱ्यालाच कळते. शोरूमवाल्याला ती फक्त जुनी डिझेल गाडी.

या गाड्यांचं आणखी एक दुखणं आहे, तेही सांगून टाकतो. डोंगरात, शेतात, चिखलात वापरायची जीप कंपनीतून आली तशी सहसा राहत नाही. पुढे विंच (रुतलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) बसते, टायर मोठे होतात, टपावर कॅरियर येतं, ताडपत्रीच्या हूडच्या जागी टणक छप्पर येतं. कलम ५२ म्हणतं की मूळ स्वरूपापेक्षा वेगळा बदल चालणार नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नियम असावेतच. समोर लोखंडी बुलबार लावून पादचाऱ्यांचे पाय मोडणारे मीही पाहिलेत, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने ते बंद करायला सांगितलं ते बरंच केलं. पण कायद्यात बदलाची व्याख्या दिली आहे ती ‘मूळ वैशिष्ट्यात फरक पडेल असा रचनेतला बदल’. नटबोल्टने बसणारी आणि अर्ध्या तासात काढता येणारी विंच यात बसते का? टपावरचं कॅरियर? एक इन्स्पेक्टर बघून न बघितल्यासारखं करतो, दुसरा गाडी परत पाठवतो. घेणाऱ्याला नेमकी विंचच हवी असते, तिचेच तो जास्त पैसे देतो. मग दोघं मिळून विंच उतरवतात, पासिंग उरकतात आणि घरी येऊन परत चढवतात. काय चालतं, काय नाही आणि कशाची नोंद आरसीवर करून घ्यावी, याचं चित्रांसह एक पान खात्याने मराठीत काढलं तर एजंटांचं थोडं नुकसान होईल, बाकी कुणाचंच नाही.

पेन्सिल प्रिंटबद्दलही दोन शब्द. हस्तांतरणासाठी चेसिस नंबरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकाचा, ठसा कागदावर घ्यायचा असतो. साध्या मोटारीत ते सोपं. जीपचा नंबर पुढच्या चाकाच्या मागे, खालच्या लोखंडी चौकटीवर कोरलेला. त्यावर चिखल, ग्रीस आणि काळ्या अंडरकोटिंगचा थर. आडवं पडून तारेच्या ब्रशने खरवडायचं, रॉकेलच्या फडक्याने पुसायचं, वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासायची. उमटलेला आकडा १ आहे की ७, यावर आम्ही तिघांनी टॉर्चच्या उजेडात चर्चा केली. नोंदणीपासून विम्यापर्यंत सगळं ऑनलाइन असताना हा ठसा अजून पेन्सिलने का? नंबरचा, तारीख-वेळेसह काढलेला फोटो घ्या ना.

एचएसआरपीची, म्हणजे नव्या सुरक्षित नंबरप्लेटची, तक्रार नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना ती पाटी लागल्याशिवाय हस्तांतरण होत नाही. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, भरले, पाटी लागली. विम्याचं मात्र लोकांना कुणी सांगतच नाही. कलम १५७ प्रमाणे घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत) गाडीबरोबर जात नाही. हे दोन मुद्दे फॉर्म ३० वरच ठळक छापले तरी पुष्कळ भांडणं टळतील.

तर मागणी एवढीच. ‘वाहन’वर विकणाऱ्याला एकट्याने, स्वतःच्या आधारवर, फॉर्म २९ भरता यावा. करार आणि पैसे मिळाल्याची नोंद जोडता यावी. भरल्याक्षणी पोच मिळावी, घेणाऱ्याच्या मोबाइलवर मेसेज जावा आणि आरसीच्या नोंदीपुढे ‘विक्रीची सूचना प्राप्त’ असा शेरा दिसावा. त्या तारखेनंतरची चलानं घेणाऱ्याकडे वळावीत. खोटी सूचना देणारेही निघतील, म्हणून घेणाऱ्याला हरकत घ्यायला मुदत द्या. ३० दिवसांत त्याने ना हरकत घेतली, ना हस्तांतरण केलं, तर त्या गाडीचं पुढचं कोणतंही काम अडवा. मग बघा एजंटकडे दिलेले कागद कसे पळतात.

आपण म्हणाल, कायदा केंद्राचा, प्रणाली दिल्लीची. मान्य. पण विकणाऱ्याने कळवावं हे त्याच केंद्राच्या कायद्यात लिहिलेलं आहे, आणि आलेली सूचना घ्यायची की परत पाठवायची हे आपल्या आरटीओत ठरतं. दिल्लीत बदल होईपर्यंत परिवहन आयुक्तांच्या एका परिपत्रकाने इतकं तरी होऊ शकतं: प्रत्येक कार्यालयाने नुसता फॉर्म २९ स्वीकारावा, त्याची नोंदवही ठेवावी आणि ती यादी दर आठवड्याला वाहतूक पोलिसांकडे पाठवावी. सुरुवात ठाणे, वाशी आणि पनवेलपासून करा. आपण स्वतः ठाण्याचे आहात, इथल्या सोसायट्यांत किती जुन्या गाड्यांचे सौदे होतात हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

माझा आवक क्रमांक आणि शिक्क्याची प्रत सोबत जोडली आहे. चलानही जोडलं आहे. ते अजून भरलेलं नाही, कारण ते कुणी भरायचं हे आधी आपल्या कार्यालयाने लेखी कळवावं अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
ठाण्यातील एक माजी जीपमालक
(नोंदीनुसार अद्याप आजी)